मुखडा तुझा, अंतरा माझा

रंगा,

काल तुझ्या इंदूचं लग्न झालं. आधी ही बातमी द्यायची आणि मग भांडायला बसायचं, असं ठरवूनच लिहितो आहे. तू जाऊन चाळीस दिवस झाले. घरात माणूस गेलं की लग्न एक तर वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं लांबवायचं, म्हणून चार वडीलधाऱ्यांनी ठरलेला मुहूर्तच कायम केला. मांडव तुझ्याच दारात पडला आणि बँड वाजला. "काय बी हू दे, पर बँड वाजला पायजे," हे तुझं शेवटचं फर्मान. पलटणीतल्या माणसाचा हुकूम मोडायची कुणाची छाती होणार?

तू कुठल्या कुठल्या छावणीत राहिलास, कुठल्या साहेबानं तुझी पाठ थोपटली, हे सध्या साताऱ्यात जो भेटतो तो मला सांगतो आहे. जणू माझी तुझी ओळखच नव्हती. सांगू देत बापडे. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. गेल्या तीन वर्षांत आपण दुसऱ्या कशावरून भांडलोच नाही. आपल्या पेटीवाल्याच्या नव्या चाली शिळ्या झाल्यात की नाही, एवढंच. ते अर्धं टाकून तू निघून गेलास, हे मला अजून पटलेलं नाही.

पेटीवाला म्हणजे कोण, हे आपल्या बँडाबाहेर कुणाला कळायचं नाही. बाहेरच्यांसाठी तो मुंबईचा बडा संगीत-दिग्दर्शक. जाहिरातीत नटीच्या खालोखाल त्याचं नाव, आणि पानाच्या गादीपासून कचेरीतल्या कारकुनांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्याच्या चाली. पण तू एकदा रजेवर आला असताना सांगलीला एका नाटक कंपनीच्या मुक्कामात तो पेटीच्या साथीला होता, आणि तू सबंध नाटक सोडून त्याच्या बोटांकडं बघत बसला होतास. तेव्हापासून तुझ्यालेखी तो पेटीवाला. पुढं तो एवढा मोठा झाला, पण तू त्याला बढती दिली नाहीस. त्याची गाणी गाजू लागली तेव्हा तूच घरचं कुणी पास झाल्यासारखा पेढे वाटत सुटला होतास. म्हणून तर त्याचं एखादं गाणं फसलं की तुला एवढा राग यायचा.

तू माझ्या दुकानात पहिल्यांदा आलास तो हळद घ्यायला. आम्ही सांगलीचे, जैन, पिढीजात हळदीचे व्यापारी; साताऱ्याचं दुकान वडिलांनी माझ्या गळ्यात मारलेलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी कॉर्नेटच्या तोंडात उपरणं कोंबून हळूच वाजवत बसायचो, कारण शेजाऱ्यांनी तशी ताकीद दिली होती. तू पायरीवर उभा राहून ऐकलंस आणि म्हणालास, "गड्या, त्ये कापड काढ आन् वाजीव. हळदीचं मग बगू." हळद तू त्या दिवशी नेलीच नाहीस. संध्याकाळी वहिनींनी त्यावरून तुला काय सुनावलं, तेही दुसऱ्या दिवशी मोठ्या कौतुकानं येऊन सांगितलंस.

बँडात शिरायला मी वडिलांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की कॉर्नेट पितळेचा, त्याला हरकत नाही. ढोल कातड्याचा, त्याला हात लावशील तर घरी येऊ नकोस. ते पत्र तू सगळ्या बँडाला वाचून दाखवलंस. हसलास, पण दुसऱ्याच दिवशी रांग बदललीस. ढोलवाला उजव्या टोकाला आणि मी डाव्या. दहा वर्षं आपला बँड असाच चालला. सांगलीहून कधी माझे वडील बघायला येणार नव्हते, तरी तू रांग मोडली नाहीस.

आणि माझं जेवण. दिवस बुडायच्या आत आमचं जेवण व्हायला हवं, आणि लग्नात वाजंत्र्यांची पंगत बसणार सगळ्यात शेवटी. मेढ्याच्या आपल्या पहिल्या सुपारीत मी आपला मुकाट उपाशी राहायच्या तयारीनं उभा होतो. तू सरळ आचाऱ्याकडं गेलास. "आदी आमच्या भूपालचं ताट वाढा. मग काय वाजवायचं त्ये सांगा." ताट आल्याशिवाय तुझा क्लॅरोनेट पेटीतून बाहेर निघायचा नाही. खंडाळ्याला एकदा नवऱ्याचा मामा खवळला, नवरदेव घोड्यावर बसून राहिलाय म्हणाला. तू म्हणालास, घोड्याला जरा चारा घाला तोवर. मी भरभर बुंदी गिळत होतो आणि तो नवरदेव उन्हात बाशिंग सावरत माझ्या पानाकडं बघत होता. अरे, एक दिवस उपाशी राहिलो म्हणून मी मरत नाही, असं तुला मी किती वेळा सांगितलं. तू ते कधी ऐकलंस?

आता चालींकडं येतो.

नव्या गाण्यांच्या रेकॉर्डी साताऱ्याला यायला वेळ लागायचा, आणि लढाईच्या दिवसांत तर त्या मिळेनाशाच झाल्या. लग्नसराईत लोकांना मात्र नवीच चाल हवी. म्हणून सांगलीला बोलपट लागला की मी हळदीचं निमित्त काढायचो आणि कोळशाच्या गॅसवर धापा टाकणाऱ्या त्या मोटारीतून आपण दोघं सांगली गाठायचो. एका खेळात अख्खं गाणं डोक्यात राहत नाही, म्हणून तू वाटणी करून टाकली होतीस. मुखडा तू धरायचा, अंतरा मी. कुठलं गाणं धरायचं ते ठरवणार तू. चाल आवडली की अंधारात माझ्या बरगडीत कोपर बसायचं. तुझं पलटणीचं कोपर, माझी हळदीच्या गादीवरची बरगडी. चांगल्या बोलपटातून मी वाकडा होऊनच बाहेर यायचो.

खेळ सुटला की एक शब्द बोलायचा नाही. पान खायचं नाही, सोडा प्यायचा नाही, ओळखीचं कुणी भेटलं तर थांबायचं नाही. "चाल सांडती," असं तू म्हणायचास, आणि आपण दोघं काठोकाठ भरलेला तांब्या डोक्यावर असल्यासारखे थेटरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायचो. वाटेत एकदा माझे सख्खे मामा समोर आले. मी हात जोडले आणि पुढं निघालो. पंधरा दिवसांनी वडिलांचं पत्र, की साताऱ्याला जाऊन भूपालला शिंगं फुटली असं मामा म्हणतात. घाटावर पोचलो की तू क्लॅरोनेटची पेटी उघडायचास. तू मुखडा वाजवायचास, तुझा श्वास संपला की मी अंतरा उचलायचो, आणि गाणं पुरं व्हायचं. धुणं आपटणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. मला वाटतं, आयुष्यात मी त्या घाटाइतका कुठं सुखी नव्हतो.

यानंतर तुझी दुसरी परीक्षा. घरी येऊन वहिनी भाकऱ्या थापत असताना तू ती चाल एकदाच वाजवायचास, सहज वाजवल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडताना वहिनी ती गुणगुणल्या तर चाल पास. नाही गुणगुणल्या तर नापास. "सरूला एका डावात आली तर ताजी. दुसऱ्यांदा वाजवाय लागली म्हंजे शिळी," हा तुझा कायदा. वहिनींना यातलं काही ठाऊक नाही अशी आपली समजूत होती. पहिली सात वर्षं पेटीवाल्याची एकही चाल नापास झाली नाही. ज्या बैलगाडीच्या गाण्यासाठी मेढ्याच्या त्या लग्नात लोकांनी आपल्याला तीनदा अडवून धरलं, ते तर वहिनींनी झाडून झाल्यावर सारवतानाही सोडलं नव्हतं.

मग तीन वर्षांपूर्वी वहिनी एकदा गप्प राहिल्या. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तू माझ्या दुकानात येऊन बसलास आणि कुणी गेल्याची खबर द्यावी तसा म्हणालास, "भूपाल, आपला पेटीवाला सरला रं."

मी मानलं नाही. मला त्याच्या नव्या चाली आवडत होत्या. आधीच्या चाली उड्या मारत यायच्या, या लांब पल्ल्याच्या होत्या. एक ओळ सुरू झाली की कुठं टेकायचीच नाही. तू म्हणायचास, तेच तेच परत गरम करून वाढतोय. मी म्हणायचो, त्याचं वय वाढलं, तो आता पळत नाही, चालतो. दुकानात, सरावात, मोटारीत, आपलं हेच. आपल्या बँडातल्या मंडळींनी शेवटी हात टेकले होते.

आणि त्यात तो घोटाळा झाला. आठवलं की मला अजून एकट्यालाच हसू येतं. त्या बोलपटात पेटीवाल्याची दोन गाणी होती, एक झोपाळ्याचं, एक होडीचं. झोपाळ्याच्या गाण्याला तू कोपर मारलंस तेव्हा मी डुलकी घेत होतो. होडीच्या गाण्यापाशी तू नुसती कूस बदललीस, तेव्हा कोपर मला लागलं, आणि मी इमानदारीनं होडीचा अंतरा पाठ केला. घाटावर तू झोपाळ्याचा मुखडा वाजवलास, मी होडीचा अंतरा जोडला. गाणं असं काही बसलं की तू माझी पाठ थोपटलीस. ती चाल आपण चार लग्नांत वाजवली. लोक नाचले, फेटे उडाले. मग तो बोलपट साताऱ्याला आला आणि आपण घरच्या मंडळींना घेऊन दिमाखात बघायला गेलो. झोपाळा सुरू झाला, मुखडा आला, आपण ऐटीत बसलो, आणि अंतरा भलताच. थोड्या वेळानं होडी आली आणि आपला अंतरा तिच्यात बसून निघाला. अंधारात तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. थेटराबाहेर पडताना आपल्या दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वहिनींना वाटलं, बोलपटातली आई गेली म्हणून आपण रडतो आहोत.

हसून झाल्यावर मात्र तू मला कोंडीत पकडलंस. या गाण्याचं शेपूट त्या गाण्याला लावलं तरी कुणाला कळलं नाही, म्हणजे दोन्ही एकाच साच्यातली. आणखी पुरावा काय पाहिजे? मी म्हणालो, वहिनींच्या हातची आमटी आणि वहिनींच्या हातची भाजी एकत्र कालवली तरी घास गोडच लागतो, ते काही शिळेपण नव्हे, हात एक आहे. हे उत्तर मला स्वतःला फार आवडलं होतं. तुला मुळीच आवडलं नाही.

मग ती गेल्या दिवाळीनंतरची दुपार. तिच्याबद्दल मला बोललंच पाहिजे. सरावाला पेटीवाल्याची नवी चाल घेतली होती, त्यातली लांबलचक ओळ तुझ्याकडून तीनदा मध्येच तुटली. चौथ्यांदा तू क्लॅरोनेट खाली ठेवलास आणि म्हणालास, असल्या मेलेल्या चाली वाजवायला मला जमायचं नाही. माझं डोकं फिरलं. सगळ्या बँडासमोर मी बोलून गेलो, "चाल मेली न्हाई रंगा. तुझा दम कमी पडतोय."  तू क्लॅरोनेट सुटा केलास, एक एक तुकडा पुसलास, पेटीत ठेवलास. दुसऱ्या दिवशी वेळेवर सरावाला आलास आणि मी तंबाखू खात नाही म्हणून माझ्या हातावर खडीसाखर ठेवलीस, नेहमीसारखी. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तुझी छाती तपासली आणि फुंकायचं कायमचं बंद केलं. मी तुझी माफी मागितली नाही. रोज येऊन उशाशी बसायचो, पेटीवाल्यावरून भांडायचो, आणि ते एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलायचो.

इंदूचं लग्न ठरलं ते त्याच दिवसांत. नवरा खंडाळ्याकडचा, शाळामास्तर, गाण्याचा नादी. इंदू तुझ्याजवळ येऊन म्हणाली, परण्याला पेटीवाल्याचं नव्यातलं नवं गाणं वाजवा. नवरदेव घोड्यावरून देवळापासून मांडवाकडं येतो तेव्हाची ती चाल, मुलीला जन्मभर आठवते. तू उशीला टेकून ठाम सांगितलंस, माझ्या पोरीच्या परण्याला बैलगाडीचं गाणं, ज्या चालीवर बँड उभा राहिला तीच. पोर हिरमुसली. जाताना मला दारात गाठून म्हणाली, "काका, तुमी सांगा न्हवं आबास्नी." मी सांगतो म्हणालो. तिला शब्द देऊन बसलो, आणि तुझा शब्द मोडायची तर माझी प्राज्ञा नव्हती.

त्यातच पेटीवाल्याचा नवा बोलपट सांगलीला लागला. मी तुला न सांगता गेलो, हे आज कबूल करतो. हळद खरेदी होती, पण ती निमित्तालाच. शेजारची खुर्ची रिकामी होती. गाणं सुरू झालं आणि हेच ते, हे मला कोपराशिवाय कळलं. पण रंगा, दहा वर्षांची खोड. मुखडा चालू असताना माझे कान मिटलेलेच राहिले, आणि अंतरा आल्यावर टक्क उघडले. घाटावर गेलो, कॉर्नेट काढला. अंतरा अख्खा, मुखड्याचा पत्ता नाही. परत येऊन दुसऱ्या खेळाला बसलो. परत तेच.  दोनदा ऐकून मुखडा धरता येत नाही, म्हणजे तुझ्या कायद्यानं चाल शिळी. तीन वर्षं मी ज्याची बाजू लढवली तो पेटीवाला खरंच सरला असेल तर? मी परतलो आणि सांगलीला हळद कशी महाग झाली आहे ते तुला सांगत बसलो. तू ऐकून घेतलंस. चार दिवसांनी सकाळी चहा पिऊन तू भिंतीला टेकलास, तो टेकलासच.

तेरावा झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. परण्याला काय वाजवायचं, हे ठरवायचं होतं. इंदू आतल्या खोलीत चोळीला टाके घालत होती. मी मान खाली घालून म्हणालो, रंगाच्या मनात होतं तेच, बैलगाडी. नवं गाणं मला अर्धंच येतं. मुखडा धरणारा माणूस गेला.

 उंबऱ्यापाशी बसून, जमिनीकडं बघत, वहिनी गुणगुणायला लागल्या. मला आधी कळेना. मग ओळखलं. तोच मुखडा. सबंध, जिथल्या तिथं. आतली सुई थांबली.

"मागल्या म्हयन्यात भावाच्या बाळाच्या बारशाला सांगलीस गेलते, तवा वयनीनं बायकांच्या खेळाला न्हेलं," वहिनी म्हणाल्या. "एकडाव ऐकलं आन् सकाळी झाडताना आपसूक तोंडात आलं. ह्यांनी आतनं हाक मारली. तीन डाव म्हणून घेतलं. बोटं बगा, गोधडीवर अशी चालत हुती, क्लॅरोनेट हातात असल्यागत. मग म्हणले, ताजी हाय. भूपालला सांगू नगंस. लय माजंल."

रंगा, मी रडलो आणि हसलो, आणि दोन्ही एकदमच झालं. वहिनींसमोर मला लाजही वाटली नाही. जरा सावरल्यावर मी त्यांना विचारलं, मग आधीची तीन वर्षं तुम्ही एकही नवी चाल का गुणगुणला नाहीत? तुमची परीक्षा घेत होतो हो आम्ही.

त्या म्हणाल्या, परीक्षा चालते हे त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, माणूस सहज वाजवतो तेव्हा बायकोच्या तोंडाकडं बघत नाही. आणि मग म्हणाल्या, "भावजी, त्या तीन वरसांत मी चाल ऐकतच न्हवते. ह्यांचा दम कुटं तुटतोय, त्येवढंच ऐकत हुते."

तू आणि मी, दोन जाणते कलावंत, तीन वर्षं पेटीवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून भांडलो. तुझी छाती दुखत होती, आणि शिक्षा त्या मुंबईच्या माणसाला. जे आपल्यात एकट्या वहिनींना ऐकू आलं, ते मी तुझ्या तोंडावर फेकलं होतं, ते नुसतं तुला हरवायला. खरं होतं म्हणून ते मला जास्त टोचत आलं. पण तू गोधडीवर बोटं चालवत ती चाल वाजवलीस, दमाशिवाय वाजवलीस, आणि पास केलीस, हे कळल्यापासून मला झोप लागते आहे. माफी मागायची होती ती या कागदावर मागतो. आता तुला नाही म्हणता यायचं नाही.

त्या दिवशी उंबऱ्यावर वहिनींनी मुखडा परत म्हटला, आणि तो संपला तिथून मी अंतरा उचलला, नुसत्या तोंडानं. सांधा कुठं दिसला नाही. या खेपेला दोन्ही एकाच गाण्यातले होते, हे मी वहिनींकडून दोनदा वदवून घेतलं. इंदू चोळी हातात घेऊन दारात उभी होती. आबांनी वाजवू दिलं असतं का, असं तिनं विचारलं. वहिनींनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की लांब ओळीच्या मध्यावर आबांनी एक जागा दाखवून ठेवली आहे, हितं मी दम घेतला असता म्हणून. वाजवायचंच नसतं तर माणूस दम घ्यायची जागा कशाला शोधेल?

म्हणून काल परण्याला तेच वाजवलं. देवळापासून मांडवापर्यंत. मुखडा आपल्या दुसऱ्या क्लॅरोनेटवाल्यानं घेतला, आणि तू दाखवलेल्या जागी सगळ्या बँडानं मिळून दम घेतला. एवढीशी फट. ऐकणाऱ्याला वाटावं, चालीतच ती आहे. ढोल उजव्या टोकाला होता, मी डाव्या. तुझी मधली जागा तशीच मोकळी ठेवली होती, पण खरं सांगतो, ती बघून वाईट वाटायला सवडच मिळाली नाही. तो शाळामास्तर घोड्यावर बसल्या बसल्या मांडीवर ताल धरत होता, घोडासुद्धा कान टवकारून चालत होता, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर लोक आम्हाला अडवत होते. बैलगाडीच्या वेळी मेढ्याला अडवलं होतं ना, तसंच.

मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं. तेवढ्यात आतून निरोप आला. मुंडावळ्या बांधून बसलेल्या इंदूनं पाठवलेला. भूपालकाकांचं ताट वाढलंय, दिवस बुडायच्या आत जेवून घ्या, मग मुहूर्ताचं बघू. रंगा, तुझी पोर ती. भटजी घड्याळ बघत होते, आणि आचारी माझं ताट घेऊन चिंचेखाली उभा होता.

मी कॉर्नेट खाली ठेवणार, तोच लोकांनी परत गाणं मागितलं. जावईबापू घोड्यावरून उतरायला तयार होईनात, अजून एकदा म्हणाले. मी मांडवाच्या आत बघितलं. माजघराच्या दाराआड वहिनी उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. मुखडा त्यांनी आधीच सुरू केला होता.

मी ताटाकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि बँडाला खूण केली. एकदा वाजवलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा अंतरा संपला तेव्हा दिवस बुडाला होता आणि आचारी ताट परत घेऊन गेला होता.

दहा वर्षांत मी पहिल्यांदा लग्नात उपाशी राहिलो, ते तुझ्या इंदूच्या लग्नात. तू असतास तर राहू दिलं नसतंस.